टक्केवारीचं मॉडेल दर हंगामात का बिघडतं: सरासरी बरोबर, पसारा चूक

"मॅडम, परत तेच झालं."

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की हे वाक्य माझ्या कानावर येतंच. मी कोल्हापुरात शेती आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांख्यिकीत मदत करते. विद्यार्थी बदलतात, पीक बदलतं, तक्रार तीच राहते. या वेळी आलेल्या मुलीने उसावरच्या तांबेऱ्याच्या नोंदी घेतल्या होत्या. पानाचा किती भाग तांबेऱ्याने व्यापलाय, हे तिने पानागणिक टक्क्यांत लिहिलं होतं. काही रानं गगनबावड्याच्या बाजूची होती, डोंगराकडची आणि पावसात भिजणारी. काही शिरोळकडची होती, सपाट काळ्या जमिनीची. मॉडेल चाललं, तक्ता निघाला. मग रेसिड्यूअलचा, म्हणजे खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचा, आलेख काढला तर शिरोळचे ठिपके रेषेला चिकटलेले आणि गगनबावड्याचे वर-खाली उधळलेले. मार्गदर्शक म्हणाले, ट्रान्सफॉर्मेशन (आकडे सूत्राने दुसऱ्या मापात नेणं) बदलून बघ. बदललं, आलेख जरा बरा दिसला, पण निष्कर्षच उलटा झाला.

हा बिघाड कुठून सुरू होतो आणि कोणत्या क्रमाने तपासायचा, ते इथे लिहिते. खाली येणारे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेत, ते कुणाच्या प्रबंधातले नाहीत.

आधी विचारा: मोजलंय की मापलंय?

टक्केवारी दोन जातींची असते आणि तक्त्यात दोन्ही सारख्याच दिसतात. उसाचे शंभर डोळे लावले, त्यातले बहात्तर उगवले, हे मोजणं. पानाचा बावीस टक्के भाग तांबूस झालाय, हे मापणं. पहिल्यात भागाकाराच्या खाली एक खरी संख्या असते, दुसऱ्यात ती नसते.

मोजलेलं असेल तर भागाकार करून टक्के लिहू नका, दोन्ही संख्या जपून ठेवा. दहापैकी तीन आणि हजारापैकी तीनशे, दोन्हींचं उत्तर तीस टक्केच येतं. पण पहिल्याचं प्रमाण विचलन साधारण १४.५ टक्के आहे आणि दुसऱ्याचं दीड टक्क्याच्या आत. कुणी नुसते टक्के घेऊन आलं की मला दिसणाऱ्या पसाऱ्यातला बराचसा याच कारणाचा निघतो. त्याला बायनॉमियल, म्हणजे 'इतक्यांपैकी इतके' अशा मोजणीसाठीचं मॉडेल लावा. तरीही पसारा उरला तर तो सामावून घेणारं बीटा-बायनॉमियल. या लेखातलं पुढचं सगळं मापलेल्या टक्केवारीबद्दल आहे.

ट्रान्सफॉर्मेशनने निष्कर्ष का उलटतो

आपल्याकडे कृषी शिक्षणात टक्केवारी दिसली की आर्कसाइन (प्रमाणाच्या वर्गमुळाचा उलटा साइन) लावायची सवय आहे. ज्याला अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात ते हेच. ते बायनॉमियलसाठी, आणि तेही खालची संख्या सगळीकडे सारखी असताना, पसारा सारखा करायला काढलेलं आहे. पानावरच्या डागाच्या क्षेत्रफळाला त्या हिशेबाचा आधार नाही. कुणी लॉजिट घेतं, म्हणजे प्रमाण भागिले (एक वजा प्रमाण) याचा लॉग. तेव्हा काय होतं, ते आकड्यांत बघू.

दोन रानं घ्या. दोन्हींत तांबेऱ्याची खरी सरासरी २० टक्के. शिरोळच्या रानात पानं एकमेकांसारखी आहेत, गगनबावड्याच्या रानात एक पान जवळपास कोरं तर शेजारचं अर्धं तांबूस. दोन्हीकडच्या प्रत्येक आकड्याचा लॉजिट घ्या, लॉजिटची सरासरी काढा आणि उलट फिरवून टक्क्यांत आणा. बीटा वितरण (शून्य आणि एकच्या मधल्या आकड्यांसाठीचं) धरलं आणि पसारा खाली दिलाय तसा घेतला तर शिरोळचं उत्तर १९.५ टक्के येतं आणि गगनबावड्याचं १६.१ टक्के. खऱ्या सरासरीत काहीच फरक नसताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक उभा राहिला. नोंदी पुरेशा असतील तर तो लक्षणीयही ठरेल, आणि प्रबंधात छापून येईल की डोंगराकडच्या रानात तांबेरा कमी.

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला लॉजिट घ्यायला सांगितलं, फरक आला आणि आम्ही दोघांनी तो खरा मानला. पुढच्या हंगामात त्याच रानांत तो फरक नाहीसा झाला. मग मी जुने आकडे पुन्हा उघडले, तेव्हा कळलं की सरासरीत फरक नव्हताच. फरक होता पसाऱ्यात, आणि ट्रान्सफॉर्मेशनने तो सरासरीत ओतला होता. तेव्हापासून मी हा प्रश्न गांभीर्याने घेते.

बीटा रिग्रेशन काय करतं, आणि ते एकटं का पुरत नाही

शून्य आणि एकच्या मधल्या आकड्यांसाठी बीटा वितरणावर उभं असलेलं रिग्रेशन फेरारी आणि क्रिबारी-नेटो यांनी २००४ साली आज रूढ असलेल्या रूपात मांडलं. त्यात दोन गोष्टी असतात, सरासरी म्हणजे म्यू आणि नेमकेपणा म्हणजे फाय. प्रसरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, येतं म्यू गुणिले (एक वजा म्यू), भागिले (एक अधिक फाय). याचा अर्थ सरासरी पन्नासकडे गेली की पसारा आपोआप वाढतो आणि कडांकडे गेली की आपोआप घटतो. एवढ्यावरच बऱ्याच जणांचं काम भागतं.

पण साध्या बीटा रिग्रेशनमध्ये फाय सगळ्यांसाठी एकच असतो. वरच्या दोन रानांची सरासरी एकच, २० टक्के. म्हणजे साधं मॉडेल दोघांना एकच पसारा देणार. शिरोळचा फाय ६० धरा, तिथे प्रमाण विचलन ५.१ टक्के येतं. गगनबावड्याचा ८ धरा, तिथे १३.३ टक्के. मॉडेल मधला कुठलातरी एक फाय निवडतं. मग शिरोळचा अंदाज उगाच रुंद होतो आणि गगनबावड्याचा धोकादायक अरुंद.

सरासरी बरोबर आली की झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. चाळीस टक्क्यांच्या वर गेलेली पानं किती? फाय ८ असेल तर शंभरात नऊ. फाय ६० असेल तर हजारात एकाहूनही कमी. सरासरी दोन्हीकडे तीच, २० टक्के. एका शेतकरी काकांनी मला बांधावर सांगितलं होतं, "सरासरी ऱ्हाऊ द्या ओ ताई, फवारायचं का न्हाई तेवढं सांगा." त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्यूमध्ये नाही, ते म्यू आणि फाय दोन्ही मिळून देतात.

पानाच्या रोगाच्या आकड्यांना साधा हिशेब पुरत नाही, हे नवीन नाही. वेडरबर्न यांनी १९७४ साली बार्लीच्या पानांवरच्या करप्यासारख्या रोगाचे आकडे घेतले होते, नऊ ठिकाणं आणि दहा जाती, मोजमाप पानाच्या व्यापलेल्या भागाचं. त्यांना नेहमीचं म्यू गुणिले (एक वजा म्यू) बसलं नाही. त्यांनी त्याचा वर्ग घेतला. म्हणजे कडांकडे पसारा नेहमीच्या समजुतीपेक्षा फार वेगाने आटत होता. आपल्या उसाच्या पानांनाही हा प्रश्न विचारायला हवा.

फायला स्वतःचं समीकरण द्या

उपाय हाच: सरासरीसाठी एक समीकरण आणि फायसाठी दुसरं. आर ही सांख्यिकीची संगणक भाषा वापरत असाल तर बीटारेग पॅकेजच्या सूत्रात एक उभी रेघ येते. रेघेच्या डावीकडे सरासरीची कारणं लिहायची, उजवीकडे फायची. ग्लिमटीएमबी पॅकेजमध्ये यासाठी डिस्पफॉर्म्युला नावाची वेगळी जागा आहे. दोन्हीकडच्या कारणांच्या याद्या सारख्याच हव्यात असं मुळीच नाही. औषध फवारल्याने सरासरी बदलते, पण नोंद कोणी घेतली यामुळे बहुधा पसारा बदलतो.

आता उत्तर वाचताना होणारे घोटाळे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या इथल्याच असतात.

फाय वाढला म्हणजे पसारा घटला. चिन्ह उलटं वाचू नका. गगनबावड्याच्या ओळीत उणे दोन दिसलं तर तिथे पसारा कमी आहे असा अर्थ नाही, जास्त आहे. फायचं समीकरण लॉगवर चालतं. शिरोळ आधार धरला तर पहिली ओळ ४.०९ येईल, तिचा घातांक घेतला (लॉग उलट फिरवला) की ६०. गगनबावड्याची ओळ उणे २.०१, बेरीज २.०८, घातांक ८.

बीटारेगमध्ये उजवीकडे काहीच लिहिलं नाही तर फाय थेट छापून येतो, लॉगमध्ये नाही. कारण लिहिलं की लॉगमध्ये येतो. एकाच मुलीच्या दोन तक्त्यांत आधी १४ आणि मग २.६ दिसलं, आणि ती रात्रभर चूक शोधत बसली. चूक नव्हतीच, १४ चा लॉग २.६४ असतो.

आरच्याच गॅमलस पॅकेजमध्ये काम करणाऱ्यांचं तिसरंच. तिथे बीटासाठी सिग्मा असतो आणि तो वाढला की पसारा वाढतो. फाय ८ म्हणजे सिग्मा ०.३३, फाय ६० म्हणजे सिग्मा ०.१३. एका पॅकेजमधून दुसऱ्यात जाताना सगळी चिन्हं उलटी दिसली तर घाबरू नका, पण प्रबंधात कोणतं वापरलंय ते स्पष्ट लिहा.

आणखी एक गोष्ट. फायचं समीकरण बदललं की सरासरीच्या ओळीही हलतात. साध्या रिग्रेशनमध्ये या दोन बाजू एकमेकींपासून सुट्या असतात, बीटामध्ये त्या अडकलेल्या असतात. उधळलेल्या रानातल्या पानांचं वजन कमी होतं, एकसारख्या रानातल्या पानांचं वाढतं. त्यामुळे फवारणीचा परिणाम थोडा सरकला तर तो बिघाड समजू नका.

पण थांबा, सरासरी आधी नीट करा

फायचं समीकरण हाती आलं की माणसं प्रत्येक बिघाडाला तेच लावतात. सरासरीच्या समीकरणातून काही महत्त्वाचं सुटलं असेल, तर त्याची उणीव मॉडेल पसारा म्हणून दाखवतं. त्या मुलीच्या नोंदींत हेच झालं होतं. गगनबावड्याकडच्या रानांत काही आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस होता, काही खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला), आणि शिरोळकडे सगळा आडसाली. पिकाचं वय आणि लावणीचा प्रकार सरासरीत घातला नव्हता. घातल्यावर गगनबावड्याचा फाय बराच वर आला. पसारा उरला, पण आधी दिसत होता तेवढा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सरासरीत वय, प्रकार, फवारणी, नोंदीची तारीख घाला. वयाची रेषा वाकडी असेल तर ती वाकू द्या. मग प्रत्येक गटाचे रेसिड्यूअल वेगवेगळे बघा. तरीही एका गटात पसारा जास्त असेल तरच फायला कारण द्या.

एकाच रानातली पंचवीस पानं म्हणजे पंचवीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. चार रानांतून पंचवीस-पंचवीस पानं घेतली तर हाती शंभर आकडे येतात, पण रानं चारच. रानारानांतला फरक रँडम इफेक्टमध्ये (मॉडेलमधल्या, प्रत्येक रानाला आपला वेगळा चढ-उतार देणाऱ्या भागात) न घालता सगळा फायवर टाकला तर फाय विनाकारण खाली जातो आणि स्टँडर्ड एररवर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्या मापावर, भरवसा ठेवता येत नाही. साधं बीटारेग रँडम इफेक्ट घेत नाही, म्हणून अशा नोंदींसाठी मी ग्लिमटीएमबीकडे जाते. त्यात रान रँडम इफेक्ट म्हणून आणि पसाऱ्याची कारणं डिस्पफॉर्म्युलात, दोन्ही एकत्र बसतात. गगनबावड्याकडची रानं एकमेकांहून वेगळी आहेत, की एकाच रानातली पानं एकमेकांहून वेगळी, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि शेतकऱ्याला दोन्हींची उत्तरं वेगवेगळी उपयोगी पडतात.

शून्यं

बीटा वितरणात नेमका शून्य आणि नेमका एक बसत नाही. मॉडेल लगेच अडतं, आणि मग कुणीतरी सगळ्या शून्यांना ०.००१ करून टाकतं. त्याऐवजी आकडा गुणिले (एन वजा एक), अधिक अर्धा, भागिले एन, हा आकसून घेण्याचा प्रकार वापरला जातो; एन म्हणजे एकूण नोंदी. थोडी शून्यं असतील तर चालतं. पण लक्ष ठेवा, एन ६० असेल तर शून्याचा ०.००८३ होतो आणि एन ६०० असेल तर ०.०००८३. लॉजिटवर पहिला उणे ४.८ ला बसतो, दुसरा उणे ७.१ ला. पान तेच कोरं, पण नोंदी वाढल्या म्हणून ते कडेला खूप दूर गेलं. बीटा कडांजवळ फार हळवं असतं. अशी दहा-वीस पानं एकट्याने फाय खाली ओढतात, आणि तुम्हाला वाटतं रानात पसारा आहे.

शून्यं बरीच असतील तर ती आकसू नका. पान कोरं आहे की नाही, हा एक प्रश्न. कोरं नसेल तर किती भाग गेला, हा दुसरा. झीरो-इन्फ्लेटेड बीटामध्ये हे दोन्ही वेगळे राहतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या नोंदींना मला हेच पटतं, कारण तेव्हा खरोखर बरीच पानं अजून रोगाने गाठलेली नसतात. शून्य म्हणजे फक्त डोळ्याला न दिसलेला थोडा डाग असेल, तर शून्य आणि मधले आकडे एकाच मापावरच्या पायऱ्या धरणारं ऑर्डर्ड बीटा जास्त योग्य. कोणतं घ्यायचं ते संगणक सांगणार नाही, रानात उभं राहून नोंद घेणाऱ्यालाच ते माहीत असतं.

फाय अचानक लाखात गेला तर

कधी कधी एका गटाचा फाय हजारो-लाखोंत जातो, स्टँडर्ड एरर प्रचंड येतो किंवा मॉडेल जुळतच नाही. तेव्हा मॉडेलला दोष देण्याआधी मूळ वही मागा. एकदा चार जणांनी नोंदी घेतल्या होत्या. त्यातल्या एकाने डोळ्यांच्या अंदाजाने जवळजवळ प्रत्येक पानाला १० लिहिलं होतं. त्याच्या गटात पसारा उरलाच नव्हता, म्हणून फाय आभाळाला भिडला. डोळ्याचा अंदाज पाच-पाचच्या टप्प्यांवर येतो, आणि डाग थोडे असताना माणसं तो भाग खऱ्यापेक्षा जास्त लिहितात, हे रोगमापनात चांगलं माहीत आहे. शक्य असेल तर काही पानांचे फोटो काढून इमेजजे या फोटोवरून मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ मोजा आणि नोंद घेणाऱ्याला फायच्या समीकरणात ठेवा. एखाद्या गटात चार-पाचच आकडे असतील तर त्याला स्वतःचा फाय देऊ नका, शेजारच्या गटात मिळवा.

आकडे एकूणच कमी असतील तर आणखी एक धोका. नेहमीच्या पद्धतीने काढलेला फाय लहान नमुन्यात खऱ्यापेक्षा मोठा येतो, म्हणजे मॉडेल स्वतःबद्दल जास्त खात्री बाळगतं. बीटारेगमध्ये हा एकाच बाजूचा कल (बायस) कमी करणारी पद्धत निवडता येते. तीस-चाळीस पानांवर काम करणाऱ्यांनी ती निवडावीच.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

दोन मॉडेलं शेजारी ठेवा, एक स्थिर फायचं आणि एक बदलत्या फायचं. एकच कारण वाढवलं असेल तर लॉग-लाइकलिहूडच्या (मॉडेल आकड्यांना किती बसतं त्या मापाच्या) फरकाची दुप्पट ३.८४ च्या वर गेली का, ते बघा. पण मी एवढ्यावर थांबत नाही. बदलत्या फायच्या मॉडेलमधून खोटी पानं तयार करा, खऱ्या पानांइतकीच, शंभरदा. मग विचारा, गगनबावड्याकडच्या खऱ्या पानांपैकी किती टक्के पानं मॉडेलच्या नव्वद टक्के पट्ट्यात पडतात? शिरोळकडे किती? दोन्हीकडे नव्वदच्या आसपास आलं तर पसारा बसला. एकीकडे नव्याण्णव आणि दुसरीकडे पंचाहत्तर असेल, तर एकूण आकडा नव्वदच्या जवळ दिसला तरी काम अपुरं आहे. हा हिशेब तालुकावार करा, सगळ्यांचा एकत्र करू नका.

त्या मुलीच्या तक्त्यात शेवटी तीन गोष्टी राहिल्या. फवारणीने सरासरी उतरली होती. खोडव्यात सरासरी लावणीच्या उसापेक्षा जास्त होती. आणि फायच्या समीकरणात फवारणी घातली तर तिथेही तिची ओळ टिकली: फवारलेल्या रानात पानं एकमेकांसारखी झाली होती, खूप गेलेली पानं सरासरी उतरली त्या मानानेही जास्त घटली होती. ट्रान्सफॉर्मेशनमध्ये हे कधीच दिसलं नसतं. प्रबंधात तिने दोन्ही समीकरणं लिहिली, आणि त्यांच्या खाली एका ओळीत फवारलेल्या व न फवारलेल्या रानांत चाळीस टक्क्यांवर गेलेल्या पानांचं प्रमाण दिलं. बांधावर दाखवायला तिने तीच ओळ वेगळी छापून घेतली आहे.